गुलामांनी केलेला सार्वत्रिक संप
डुबॉईस यांचा ग्रंथ आणि अमेरिकेच्या इतिहासलेखनातील लढा
(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



१८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील भल्या माणसांना अर्पण केले. काळ्या गुलामांची मुक्ती घडवून आणताना तेथील लोकांनी जो स्वार्थत्याग केला, त्याबद्दलचा आदर त्या अर्पणपत्रिकेत व्यक्त झाला आहे. महाराष्ट्रातील पुरोगामी चळवळीत ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या मानाने सर्वश्रुत नाही ती दुसरी गोष्ट. त्याच १८७३ च्या एप्रिल महिन्यात लुइझियाना राज्यातील कोलफॅक्स या गावी न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करीत असलेल्या काळ्या नागरिकांवर गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने हल्ला चढविला आणि शरण आलेल्यांनाही ठार मारले. मृतांची संख्या साठ ते दीडशेच्या दरम्यान सांगितली जाते. ज्या थोड्या मारेकऱ्यांना शिक्षा झाली, त्यांनाही देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७६ साली मोकळे केले.

म्हणजे पुण्यात ज्या मुक्तीचा गौरव होत होता, ती मुक्ती अमेरिकेत त्याच वर्षी बंदुकीच्या बळावर परत घेतली जात होती. हा दोष अर्थातच फुले यांचा नव्हे. खुद्द अमेरिकेतील विद्यापीठांनीही त्यानंतर साठ वर्षे हा इतिहास उलटाच शिकविला. गुलामांना मुक्त कोणी केले, आणि मिळालेली मुक्ती त्यांच्याकडून कोणी व कशासाठी हिरावून घेतली, या दोन प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा मोठा ग्रंथ १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे नाव ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’, लेखक डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस. अमेरिकेचा इतिहास आणि समाज यांवर आजवर लिहिल्या गेलेल्या असंख्य पुस्तकांतून कामगार चळवळीतील कार्यकर्त्याने एकच निवडायचे ठरविले, तर ते हेच निवडावे.

डुबॉईस यांचा जन्म १८६८ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका छोट्या गावातला. हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय; त्यांचा आफ्रिकी गुलामांच्या व्यापारावरील प्रबंध १८९६ साली ग्रंथरूपाने निघाला. मध्यंतरी दोन वर्षे त्यांनी बर्लिनमध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास केला होता. पुढे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या संस्थापकांत ते होते आणि १९१० पासून १९३४ पर्यंत तिच्या ‘क्रायसिस’ या मासिकाचे संपादक. कम्युनिस्टांशी त्यांचे नाते आरंभी सलोख्याचे नव्हते. १९३१ साली स्कॉट्सबरो येथील नऊ काळ्या तरुणांच्या खटल्यात पक्षाने घेतलेल्या पवित्र्यावर त्यांनी कडक टीका केली होती. परंतु महामंदीच्या त्या वर्षांत ते मार्क्सच्या ग्रंथांचा नव्याने अभ्यास करू लागले. १९३३ साली अटलांटा विद्यापीठात मार्क्स व निग्रो या विषयाचे अध्यापनही त्यांनी केले. पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते.

त्या वेळी ज्या मताचा अंमल होता ते आधी समजून घेतले पाहिजे. यादवी युद्ध १८६१ ते १८६५ या काळात झाले. त्यानंतरच्या सुमारे बारा वर्षांना अमेरिकेत ‘पुनर्रचनेचा काळ’ म्हणतात. दक्षिणेतील काळ्या पुरुषांना प्रथमच मताधिकार मिळाला तो याच काळात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम डनिंग आणि त्यांचे शिष्य यांनी या काळाचा जो इतिहास लिहिला, त्याचा सारांश असा: अडाणी काळ्यांच्या हाती सत्ता गेली, उत्तरेतून आलेल्या लबाडांनी त्यांना नाचविले, खजिने लुटले गेले, आणि अखेर दक्षिणेतील सभ्य गोऱ्यांनी कारभार परत आपल्या हाती घेऊन संस्कृती वाचविली. हे मत विद्यापीठाच्या भिंतींत राहिले नाही. १९१५ साली निघालेल्या ‘बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटाने कू क्लक्स क्लान या खुनी संघटनेला वीरांचा दर्जा दिला आणि त्याचा खेळ राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी झाला. १९२९ साली क्लॉड बॉवर्स या पत्रकार-राजकारण्याचे ‘द ट्रॅजिक एरा’ हे याच धाटणीचे पुस्तक हातोहात खपले. प्राध्यापकाने तळटीपा पुरवायच्या आणि चित्रपटाने त्यांतून अश्रू काढायचे, अशी ही कामाची वाटणी होती.

डुबॉईस यांनी या मताला पहिला जाहीर विरोध केला तो १९०९ च्या डिसेंबरात, अमेरिकेच्या इतिहासकारांच्या संस्थेपुढे निबंध वाचून. त्या काळात दक्षिणेला कोणते लाभ झाले हे त्यांनी दाखविले. पुढल्या वर्षी तो निबंध संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला. निग्रो हा शब्द इतर लोकसमूहांच्या नावांप्रमाणे मोठ्या अक्षराने सुरू करावा, ही लेखकाची साधी विनंती मात्र संपादकांनी अमान्य केली. निबंधावर चर्चा झाली नाही आणि पाठ्यपुस्तकांतील एक ओळही बदलली नाही. पंचवीस वर्षांनंतर सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहावा लागला तो म्हणून.

या ग्रंथाची मांडणीच त्याचा विचार सांगून जाते. यादवी युद्धावरील पुस्तके साधारणतः राष्ट्राध्यक्ष, सेनापती आणि लढाया यांपासून सुरू होतात. हा ग्रंथ सुरू होतो काळ्या कामगारापासून. पहिल्या प्रकरणाचा विषय काळा कामगार, दुसऱ्याचा गोरा कामगार, तिसऱ्याचा मळेवाला जमीनदार. गुलाम हा दयेचा विषय नसून तो श्रमिक आहे, जगाच्या कापड उद्योगाचा पाया ज्या कापसावर उभा होता तो कापूस पिकविणारा श्रमिक आहे, हे पहिल्या पानापासून गृहीत धरलेले आहे. १८६० च्या शिरगणतीप्रमाणे अशा श्रमिकांची संख्या एकोणचाळीस लाखांहून अधिक होती. मँचेस्टरच्या गिरण्या चालत होत्या त्या त्यांच्या घामावर.

चौथ्या प्रकरणाचे नाव ‘सार्वत्रिक संप’. या नावानेच त्या वेळच्या पंडितांच्या भुवया वर चढल्या. युद्ध सुरू झाले तेव्हा उत्तरेचे सरकार गुलामगिरी नष्ट करण्यास निघाले नव्हते. लिंकन यांनी तसे पुन्हा पुन्हा बजावून सांगितले होते. पळून आलेले गुलाम मालकांना परत देणारे सेनाधिकारी उत्तरेकडे कमी नव्हते. १८६१ च्या मे महिन्यात व्हर्जिनियातील मनरो किल्ल्यावर तीन गुलाम होडीतून पळून आले. त्यांच्याकडून शत्रूची तटबंदी बांधून घेतली जात होती. किल्ल्याचा सेनापती बटलर हा पेशाने वकील. शत्रूच्या युद्धकार्यास उपयोगी पडणारा माल जप्त करता येतो, या न्यायाने त्याने त्या तिघांना ‘जप्तीचा माल’ ठरविले व परत देण्याचे नाकारले. माणसाला माल ठरवूनच त्याला मालकाकडून सोडवावे लागले, इतकी ती कायद्याची व्यवस्था किडलेली होती. पण बातमी मळ्यामळ्यांतून पसरली. दोन-चार दिवसांत त्या किल्ल्याशी माणसांची रीघ लागली, आणि उत्तरेची फौज जिथे जिथे गेली तिथे तिथे हेच घडले.

दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील बेटांवर तर १८६१ च्या नोव्हेंबरात मालकच पळून गेले. गुलामांनी त्यांच्याबरोबर जाण्यास नकार दिला. काही ठिकाणी त्यांनी सरकी काढण्याची यंत्रे मोडून टाकली आणि कापसाऐवजी मका व रताळी लावली. त्यांना कोणत्याही पुढाऱ्याने कार्यक्रम लिहून दिला नव्हता. मात्र आपले श्रम कोणाच्या पोटासाठी खर्च व्हावेत, हे त्यांनी स्वतःच ठरविले होते.

डुबॉईस यांचे प्रतिपादन असे की, हे पलायन म्हणजे भेदरलेल्या जमावाची धावाधाव नव्हती. मळ्यावरील श्रम काढून घ्यायचे आणि ते शत्रूच्या शत्रूला द्यायचे, असा तो लाखो लोकांचा निर्णय होता. या संपात प्रत्यक्ष सामील झालेल्यांचा अंदाज त्यांनी पाच लाखांच्या घरात बांधला आहे. दक्षिणेची फौज जे धान्य खात होती ते गुलाम पिकवीत होते. ते हात निघून गेले तसतशी त्या फौजेची उपासमार वाढली. उलट उत्तरेच्या भूसेनेत एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास काळे सैनिक दाखल झाले. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा या क्रमाने वाचला म्हणजे त्याचा अर्थ बदलतो. जे गुलामांनी आपल्या पायांनी आधीच घडवायला घेतले होते, त्यावर सरकारला सही करावी लागली. लिंकन यांचे श्रेय यात बुडत नाही. वेळ ओळखून सही करणे हेही मोठेपणच होते. परंतु देणगी देणारा आणि ती घेणारा, हे चित्र मात्र कायमचे पुसले जाते.

या युद्धाचे धागे मुंबई इलाख्यापर्यंत आलेले होते, हे येथे सांगितले पाहिजे. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेतून जात असे. बंदरांची नाकेबंदी होताच तो थांबला आणि खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथील कापसाचे भाव कडाडले. मुंबईत प्रेमचंद रायचंद आणि मंडळींचा शेअरांचा जुगार रंगला, समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५ साली युद्ध संपले आणि हा सगळा डोलारा कोसळला. पेढ्या बुडाल्या; सावकाराचे देणे मात्र शेतकऱ्याच्या मानेवर राहिले. दहा वर्षांनी, १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जखतांची होळी झाली, तिच्या कारणपरंपरेत हे कापसाचे तेजी-मंदीचे प्रकरणही आहे. तिकडे लँकेशायरचे कामगार बेकारीने हैराण झाले असतानाही, मँचेस्टरच्या सभेत त्यांनी गुलामगिरीविरोधी बाजूला पाठिंबा दिला आणि लिंकन यांनी जानेवारी १८६३ मध्ये त्यांना उत्तर पाठविले. कापूस एकच, पण त्यातून शेअरबाजाराने एक धडा घेतला आणि कामगाराने दुसरा.

आता गोऱ्या कामगाराकडे वळले पाहिजे. या ग्रंथातील सर्वांत जड जाणारा भाग हाच आहे आणि चळवळीला सर्वांत उपयोगी भागही हाच. दक्षिणेतील सुमारे तीन चतुर्थांश गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. १८६२ च्या ऑक्टोबरात दक्षिणेच्या सरकारने असा कायदा केला की, वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या पुरुषाला सक्तीच्या लष्करभरतीतून सूट मिळेल. गरीब गोऱ्याला यातला वर्गीय अन्याय दिसत नव्हता असे नाही. युद्धाच्या उत्तरार्धात दक्षिणेच्या फौजेतून हजारोंनी पळून गेले. मग हा गरीब गोरा काळ्या श्रमिकाच्या बाजूला का उभा राहिला नाही? उत्तरेतही १८६३ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या कामगारवस्तीने सक्तीच्या भरतीविरुद्ध उठाव केला, तो श्रीमंतांच्या सवलतीविरुद्ध सुरू झाला आणि काळ्यांना दिव्याच्या खांबांवर टांगण्यात संपला. काळ्या मुलांचे अनाथालयदेखील त्यात जाळण्यात आले.

डुबॉईस यांचे उत्तर असे की, गोऱ्या मजुराला रोख मजुरी कमी मिळत होती. पण तिच्या जोडीला त्याला आणखी एक मजुरी मिळत होती, जी कोणत्याही हजेरीपटावर लिहिलेली नसे. ती होती मानाची मजुरी. सार्वजनिक बागेत त्याला प्रवेश होता, त्याच्या मुलांची शाळा बरी होती, पोलीस त्याच्यातून भरले जात, न्यायाधीश त्याच्याशी नरमाईने वागे, आणि काळा माणूस, मग तो कितीही शिकलेला असो, त्याला वाट देत असे. या मानाने त्याची चूल पेटत नव्हती. तरीही तो मान जाईल या भीतीने त्याने मजुरी वाढविण्याचा एकमेव मार्ग, म्हणजे काळ्या श्रमिकाशी एकजूट, स्वतःच बंद करून घेतला. मालकाला हा मान द्यायला एक पैही खर्च येत नव्हता आणि त्याच्या बदल्यात दोन्ही रंगांची मजुरी खाली दाबून ठेवता येत होती.

संघटित कामगारांनी तरी काय केले? १८६६ साली बाल्टिमोर येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय कामगार संघटनेने १८६९ च्या अधिवेशनात काळ्या प्रतिनिधींना बसू दिले खरे. मात्र सल्ला दिला तो त्यांनी आपली वेगळी संघटना काढावी असा. त्याच वर्षअखेर ती वेगळी संघटना निघाली. ठरावात बंधुभाव आणि कारखान्याच्या दारात मज्जाव, हा प्रकार एकट्या अमेरिकेचा नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्याची मजुरी चांगली होती. तेथे कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात पाऊल ठेवू दिले जात नसे. १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात ही बंदी उठविण्याची मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रेटली तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांनी ती मागणीपत्रकात घातली, पण नाखुशीने. साचेखात्यातल्या कामगाराला मिळणारी ती तोंडाच्या उष्ट्याची मजुरी कोणत्या खात्यात जमा होत होती, हा प्रश्न डुबॉईस वाचल्यावर टाळता येत नाही. लाल बावट्याचा तेजस्वी इतिहास सांगताना हे पानही उघडे ठेवणे भाग आहे.

युद्ध संपल्यानंतर काय झाले, याचे वर्णन ग्रंथाच्या मोठ्या भागात राज्यवार आलेले आहे. १८६५-६६ मध्ये दक्षिणेतील जुन्या सत्ताधाऱ्यांनी ‘काळ्यांचे कायदे’ करून गुलामगिरी नाव बदलून परत आणण्याचा प्रयत्न केला. कामाचा करार हाती नसलेल्या काळ्याला भटक्या ठरवून पकडायचे आणि त्याचे श्रम लिलावाने मळेवाल्याला द्यायचे, असा त्यांचा मासला होता. उत्तरेच्या भांडवलदारांनी याला विरोध केला, तो केवळ माणुसकीपोटी नव्हे. पूर्वी लोकसभेतील जागा ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशेब होता. गुलामगिरी संपताच प्रत्येक काळा माणूस पूर्ण मोजला जाणार होता. म्हणजे त्याला मत न देताही दक्षिणेच्या मळेवाल्यांच्या जागा वाढणार होत्या. त्यांच्या बळावर ते संरक्षक जकाती, युद्धकर्जाचे रोखे, रेल्वेला दिलेल्या जमिनी या सगळ्यांना सुरुंग लावू शकले असते. काळ्याच्या हाती मत देणे हा त्यावरचा उतारा होता. १८६७ च्या मार्चमध्ये पुनर्रचनेचे कायदे झाले ते या हितसंबंधांच्या आणि खऱ्याखुऱ्या गुलामगिरीविरोधी ध्येयवाद्यांच्या युतीतून. डुबॉईस दोघांनाही वेगवेगळे ओळखतात आणि ध्येयवाद्यांची टिंगल करीत नाहीत, हे मुद्दाम नोंदविण्यासारखे आहे.

दक्षिण कॅरोलायनातील वस्तीत काळ्यांचे बहुमत होते. १८६८ च्या जानेवारीत चार्ल्सटन येथे राज्याची नवी घटना करण्यास परिषद भरली, तेव्हा १२४ प्रतिनिधींपैकी ७६ काळे होते. त्यांतले अनेक काही वर्षांपूर्वी बाजारात विकली जाणारी माणसे. या परिषदेने मालमत्तेची अट काढून टाकली, कर्जासाठी तुरुंगवास रद्द केला, आणि सर्व मुलांसाठी सरकारी खर्चाने शाळांची तरतूद केली. दक्षिणेतील गरीब गोऱ्याच्या मुलाला सार्वजनिक शाळेचा लाभ झाला तो या ‘अडाणी’ प्रतिनिधींमुळे. प्रकरणाच्या नावाचा किस्साही बोलका आहे. डुबॉईस यांनी आधी त्याचे नाव दक्षिण कॅरोलायनातील काळ्या श्रमिकांची हुकूमशाही असे ठरविले होते. केवळ सार्वत्रिक मताधिकार म्हणजे श्रमिकांची हुकूमशाही नव्हे, खासगी भांडवलाची सत्ता मोडण्यासाठी मत जाणीवपूर्वक वापरले जाईपर्यंत ती येत नाही, असे लक्षात आणून दिल्यावर त्यांनी ते नाव बदलले आणि बदलल्याचे तळटिपेत प्रांजळपणे सांगितले.

खरे घोडे अडले ते जमिनीवर. १८६५ च्या जानेवारीत सेनापती शर्मन याने किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंतच्या तुकड्यांनी वाटण्याचा हुकूम काढला. हजारो कुटुंबांनी नांगर धरले. लिंकन यांच्या खुनानंतर आलेले राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षअखेर बहुतेक जमिनी जुन्या मालकांना परत दिल्या. मत मिळाले, जमीन मिळाली नाही. मताचे रक्षण करणारी पोटाची ताकद नसली म्हणजे मत किती दिवस टिकते, याचे उत्तर पुढच्या दहा वर्षांत मिळाले. काळा शेतमजूर वाटेकरी झाला, दुकानदाराच्या वहीत कायमचा अडकला, आणि मतदानाच्या दिवशी मळेवाला, दुकानदार व क्लानचा बुरखेधारी ही अनेकदा एकच व्यक्ती असे.

१८७३ च्या सप्टेंबरात अमेरिकेत आर्थिक अरिष्ट आले. उत्तरेच्या भांडवलाला आता दक्षिणेत क्रांती नको होती, शांतता व स्वस्त मजूर हवे होते. १८७७ साली वादग्रस्त निवडणुकीचा सौदा झाला: राष्ट्राध्यक्षपद उत्तरेच्या पक्षाला, आणि दक्षिणेतील राज्य सरकारांचे रक्षण करणारी केंद्रीय फौज माघारी. त्याच वर्षी जुलैत रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला, तेव्हा केंद्रीय फौज उपलब्ध होती. ती संप मोडण्यासाठी पाठविण्यात आली.

ग्रंथाचे शेवटचे प्रकरण इतिहासाच्या प्रचारावर आहे. डुबॉईस यांनी शाळांतील चालू पाठ्यपुस्तके समोर घेतली आणि त्यांत मुलांना काय शिकविले जाते ते दाखविले: काळे अडाणी होते, ते आळशी, अप्रामाणिक व उधळे होते, आणि वाईट कारभाराचे पाप त्यांचेच. मग एकेका प्रतिष्ठित ग्रंथकाराचे नाव घेऊन त्याने कोणते पुरावे वापरले आणि कोणते दडपले, याची झडती घेतली. इतक्या थंड डोक्याने केलेला इतका संतप्त हिशेब इतिहासाच्या वाङ्मयात विरळाच आढळतो.

पंडितांनी या ग्रंथाचे स्वागत कसे केले? १९०९-१० मध्ये त्यांचा निबंध छापणाऱ्या त्याच नियतकालिकाने ग्रंथाचे परीक्षणच छापले नाही. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, ‘गॉन विथ द विंड’ ही मळेवाल्यांच्या गतवैभवावर उसासे टाकणारी कादंबरी निघाली आणि लाखोंनी खपली.

डाव्या बाजूनेही टीका झाली आणि ती सगळीच गैर नव्हती. कम्युनिस्ट लेखक जेम्स ॲलन यांनी १९३७ साली पुनर्रचनेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ही क्रांती भांडवली-लोकशाही स्वरूपाची होती, डुबॉईस तिच्यात पुढच्या टप्प्याची लक्षणे पाहतात, असा त्यांचा आक्षेप होता. तत्त्वतः हा आक्षेप बरोबर होता. परंतु गुलामाला ‘कामगार’ म्हणण्याचे धाडस पक्षाबाहेरच्या माणसाने आधी केले आणि पक्षातील सूत्र मागाहून आले, हेही तितकेच खरे. ग्रंथात इतर उणिवाही आहेत. वर्णद्वेषामुळे दक्षिणेतील दप्तरखान्यांत काळ्या संशोधकाला मोकळेपणाने बसता येत नव्हते, त्यामुळे सारी भिस्त छापील अहवालांवर व कामकाजाच्या वृत्तांतांवर राहिली. मळ्यावरील काळ्या स्त्रीचे श्रम आणि तिचा प्रतिकार यांना पुरेशी जागा मिळाली नाही. ती उणीव थॅव्होलिया ग्लिम्फ यांच्या २००८ च्या ग्रंथाने बरीच भरून काढली. आणि याच वर्षांत पश्चिमेकडे मूळ रहिवाशांच्या जमिनी फौजेच्या जोरावर बळकावल्या जात होत्या, ती कथा येथे जवळजवळ नाही. डी ब्राऊन यांचे १९७० चे ‘बरी माय हार्ट ॲट वूंडेड नी’ हे पुस्तक १८६० ते १८९० या काळाचे आहे. ते शेजारी ठेवून वाचावे. दक्षिणेत काळ्याला जमीन द्यायला जे सरकार तयार नव्हते, त्याच सरकारने पश्चिमेत रेल्वे कंपन्यांना कोट्यवधी एकर दिले.

काळाने निकाल दिला तो डुबॉईस यांच्या बाजूने. नागरी हक्कांच्या चळवळीने रस्त्यावर जे घडविले त्याचे पडसाद १९६० नंतर विद्यापीठांत उमटले, आणि १९८८ साली एरिक फोनर यांचा पुनर्रचनेवरील प्रमाणभूत ग्रंथ निघाला. फोनर ज्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते ते डनिंग यांचेच विद्यापीठ. त्यांचे वडील व कामगार चळवळीचे इतिहासकार असलेले चुलते फिलिप फोनर, या दोघांनाही १९४० नंतरच्या कम्युनिस्टविरोधी चौकशीत न्यूयॉर्कच्या महाविद्यालयातील नोकऱ्या गमवाव्या लागल्या होत्या. मात्र निकाल लागला म्हणून खटला संपला असे नाही. १९६५ च्या मताधिकार कायद्याचा कणा असलेली तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निकामी केली, आणि २०२१ पासून अनेक राज्यांनी शाळेत वर्णभेदाचा इतिहास कसा शिकवावा यावर बंधने घालणारे कायदे केले.

लेखकाच्या वाट्याला जे आले तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. १९५१ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, शांतता चळवळीतील कामाबद्दल त्यांना परकीय हस्तक ठरविण्यासाठी खटला भरण्यात आला. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, पण सरकारने १९५८ पर्यंत पारपत्र दिले नाही. त्याआधी, १९४६ साली, डॉ. आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहून अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या. आपण आंबेडकरांचे नाव जाणतो आणि भारतातील अस्पृश्यांच्या लढ्याविषयी आपल्याला सहानुभूती आहे, असे डुबॉईस यांनी त्याच जुलै महिन्यात कळविले. १ ऑक्टोबर १९६१ रोजी, त्र्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी अमेरिकेच्या कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला. पक्ष त्या वेळी दडपशाहीने खिळखिळा झालेला होता. तेथे जाऊन मिळण्यासारखे काही नव्हते. २७ ऑगस्ट १९६३ रोजी घानाची राजधानी आक्रा येथे त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये अडीच लाख लोकांचा मोर्चा भरला, तेथे व्यासपीठावरून ही बातमी सांगण्यात आली.

ग्रंथ मोठा आहे आणि राज्यवार प्रकरणांत तपशिलांची दाटी आहे. शाखांच्या वाचनासाठी क्रम असा ठेवता येईल: आधी चौथे प्रकरण, संपाचे, मग पहिली दोन, काळ्या व गोऱ्या कामगारांची, मग दहावे, दक्षिण कॅरोलायनाचे, आणि त्यानंतर एकदम शेवटचे. दुसरे प्रकरण वाचताना १९२८ च्या संपाचे मागणीपत्रक जवळ असावे. दोन बैठकांत हे होणार नाही. चार तरी धराव्यात.